निवेदनावर सही करण्याआधी

आपल्या सभासदांमध्ये सध्या एक निवेदन सह्यांसाठी फिरत आहे. स्त्रियांवरील अत्याचारांचे मूळ इंटरनेटवरील अश्लील चित्रफितींत आहे, सबब शासनाने त्यांवर सरसकट बंदी घालावी, असा त्याचा मथितार्थ. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुख्यमंत्र्यांकडे जायचे आहे. बऱ्याच ज्येष्ठ मंडळींनी सह्या केल्या आहेत. काहींनी आम्हाला विचारले, "तुमचे काय म्हणणे?" ते दोन वाक्यांत सांगता येण्याजोगे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पोर्न निरुपद्रवी आहे असे आम्ही मानत नाही. पण बलात्काराचे खापर एकट्या पोर्नवर फोडणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे होय. भुई धोपटल्याचे समाधान मिळते, साप मात्र घरातच राहतो. या बाबतीत तर तो बहुतेक वेळा खरोखरच घरात असतो. म्हणूनच हा विषय शासनाच्या दारात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

निवेदनातील विचार नवा नाही, आणि त्यात इंदूरचा वाटा मोठा आहे. २०१३ साली पोर्नवर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, ती इंदूरच्याच कमलेश वासवानी या वकिलांची. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेने देश हादरला होता, त्यानंतरचे हे दिवस. २०१८ च्या जानेवारीत मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री भूपेंद्र सिंह यांनी अत्याचारांना पोर्न कारणीभूत असल्याचे सांगून संकेतस्थळे बंद केल्याची माहिती दिली होती. २०२५ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी उज्जैनला इंटरनेट, मोबाइल, अश्लील मजकूर आणि दारू यांकडे बोट दाखवले. पोलीस एकटे हे थांबवू शकणार नाहीत, असेही ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

बंदीचे प्रयोगही होऊन गेले आहेत. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. ओरड झाली आणि काही दिवसांतच तो आदेश बराचसा मागे घेतला गेला. २०१८ मध्ये डेहराडूनच्या एका निवासी शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी मुलांनी तशा चित्रफिती पाहिल्याचे पुढे आले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि ८२७ संकेतस्थळे बंद झाली. आता आपल्या घरातल्या कोणत्याही कॉलेजकुमाराला विचारा, त्या बंदीने काय झाले? एक दार बंद झाले की दुसरे उघडते, आणि ज्याला पाहायचे आहे तो आडवाट काढतोच. संकेतस्थळे बंद केली तरी व्हॉट्सॲपवर या फोनवरून त्या फोनवर फिरणारी फीत कोण अडवणार?

एका बंदीला मात्र आमचा पूर्ण पाठिंबा आहे, ती म्हणजे लहान मुलांचा वापर केलेल्या चित्रफितींवरील. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असा मजकूर जवळ बाळगणे हादेखील पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा सौम्य शब्द वापरू नये, तो मुलांच्या लैंगिक शोषणाचा ऐवज आहे असे म्हणावे, असेही न्यायालयाने सुचवले. ते शब्दशः खरे आहे. ती फीत बनवताना एका मुलावर अत्याचार झालेला असतो आणि जितक्यांदा ती पाहिली जाते तितक्यांदा तो चालू राहतो. तिथे मतस्वातंत्र्य वगैरेंचा प्रश्नच येत नाही.

आता मुख्य प्रश्न: पोर्न पाहिल्याने माणूस बलात्कारी होतो का?

या प्रश्नावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ संशोधन चालू आहे. डेन्मार्कने १९६७ मध्ये अश्लील लेखनावरील आणि १९६९ मध्ये चित्रांवरील बंदी उठवली. बर्ल कुचिन्स्की या अभ्यासकाने नंतरच्या वर्षांतील गुन्ह्यांची नोंद तपासली, तेव्हा बलात्कार वाढल्याचे दिसले नाही, आणि लहान मुलांवरील अत्याचारांसारखे काही गुन्हे तर कमी झाले होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९७० मध्ये सांगितले की, असे साहित्य गुन्ह्याला कारण होते याचा पुरावा नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो अहवाल झिडकारला. १९८६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या आयोगाने, विशेषतः हिंसा दाखवणाऱ्या पोर्नबद्दल, नेमका उलटा निष्कर्ष काढला. मत आधी ठरवून पुरावा शोधायला निघालेल्या प्रत्येकाला या विषयात आपल्या सोयीचा अहवाल सापडतो.

त्यातल्या त्यात समतोल वाटणारे काम नील मॅलॅमथ या मानसशास्त्रज्ञाचे. स्त्रियांविषयी आधीच राग, तुच्छता आणि मालकीची भावना बाळगणाऱ्या पुरुषांवर, त्यातही हिंसक दृश्यांचा, परिणाम अधिक दिसतो. इतरांवर तो फारसा दिसत नाही, असा त्यांच्या अभ्यासाचा सारांश. २०१६ मध्ये सात देशांतील २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात पोर्न पाहणे आणि लैंगिक आक्रमकता यांत संबंध आढळला, पण तो शारीरिक जबरदस्तीपेक्षा शाब्दिक दबावाच्या बाबतीत अधिक ठळक होता. शिवाय संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. नंतरच्या एका आढाव्यात अहिंसक पोर्नच्या बाबतीत असा संबंध मानायला पुरेसा आधार नसल्याचे म्हटले गेले.

साध्या भाषेत सांगायचे तर पोर्न हे रॉकेल आहे. ओल्या भिंतीवर ओतले तर घाण वास येईल, पण आग लागणार नाही. जिथे निखारा आधीच धुमसत आहे तिथे भडका उडेल. निवेदनकर्ते रॉकेलचा डबा उचलून न्यायला सांगत आहेत. त्याला आमची हरकत नाही. पण निखारा कुठून आला, हे त्यांनी विचारलेले नाही.

तो निखारा फार जुना आहे. इंटरनेट आणि सिनेमा तर सोडाच, छापील चित्रेही जेव्हा दुर्मिळ होती त्या काळाकडे पाहू. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे मरण पावली. दहा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीत कायदा त्याला बलात्कार मानत नव्हता. म्हणून संमतिवयाचे विधेयक आले आणि १८९१ मध्ये मर्यादा दहावरून बारा झाली. तेवढ्यावरूनही पुण्यात केवढे रण माजले होते! लोकमान्यांचा विरोध होता. आगरकर, भांडारकर, तेलंग बाजूने होते. लोकमान्यांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण या प्रश्नावर काळाने आगरकरांच्या पदरात माप टाकले, हे मान्य करायला हवे. त्याही आधी, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली. तिला त्या अवस्थेत आणणाऱ्या पुरुषाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती या संतापातून.

आपल्या होळकरशाहीतले उदाहरण देताना जुन्या घराण्यांना थोडे टोचेल, पण ते द्यायलाच हवे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि मुमताज बेगम यांच्या चेहऱ्यावर वार झाले. इंदूर दरबार सोडून निघून गेलेली बाई परत आणण्यासाठी इंदूरहून गेलेल्या माणसांचे हे कृत्य होते. महाराज तुकोजीरावांवर न्यायालयात काही सिद्ध झाले नाही, पण चौकशीला सामोरे जाण्याऐवजी त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. या प्रकरणावर इंदुरात आजही कुजबुजीच्या सुरात बोलतात, आणि ओघ असतो तो 'राज्य गेले' या हळहळीचा. एका बाईला 'मला जायचे आहे' म्हणण्याचा हक्क होता की नाही, हा प्रश्न कोणी काढत नाही.

स्वातंत्र्यानंतरची उदाहरणे पाहू. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत आणि तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असल्या कारणांची न्यायालयांत चर्चा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जिवंत जाळले, का, तर तिने नकार दिला म्हणून. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर अत्याचार झाला, तो तिला धडा शिकवण्यासाठी. आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, बेळगाव तालुक्यातील होस वंटमुरी गावात एका आईला विवस्त्र करून धिंड काढली, का, तर तिचा मुलगा एका मुलीला घेऊन पळाला.

यांतल्या कोणत्या घटनेला अश्लील चित्रफीत कारणीभूत होती? समान धागा एकच आहे. बाईचे शरीर तिचे नाही. ते नवऱ्याचे, दरबाराचे, घराण्याचे, जातीचे, नाहीतर 'प्रेम' करणाऱ्याचे आहे. तिचा नकार हा अपमान आहे आणि अपमानाचा बदला घ्यायचा असतो. ही समजूत मोबाइलने आणली नाही. मोबाइलला ती तयार मिळाली.

आणि ही समजूत पसरवण्यात आपल्या घरच्या टीव्हीचाही हात आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हिंदी सिनेमात बलात्काराचे दृश्य हा मसाल्याचा भाग असे. आपण ते सहकुटुंब, वाटाण्याच्या शेंगा सोलत पाहिले. मुलीचा पाठलाग करून, रस्ता अडवून, शेवटी तिचा 'नाही'चा 'हो' करून घेणारा नायक आपल्याला गोड वाटला. रंगपंचमीच्या गेरच्या गर्दीत मुलीला पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, पण गर्दीत हात लावणाऱ्या मुलाला त्याच्या आईने विचारल्याचे ऐकिवात नाही. या कशाविरुद्ध कधी निवेदन निघाले होते का?

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदवले. त्यांतील ९८ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. २०२२ मध्ये गुन्हे ३१,५१६ झाले. मध्य प्रदेशात ३,०२९. ओळखीच्या आरोपींचे प्रमाण तेव्हाही ९५ टक्क्यांच्या वरच होते. नातलग, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचे वचन देणारा, असे हे ओळखीचे लोक. वाढलेल्या आकड्यावरून 'मोबाइलमुळे वाढ झाली' असे म्हणता येत नाही, कारण २०१३ मध्ये कायद्याची व्याख्या रुंदावली आणि तक्रारीही वाढल्या. तसेच 'वाढ झाली नाही' असेही म्हणता येत नाही, कारण २०१७ पासून पोक्सोखालील गुन्हे वेगळे मोजले जातात. आकडे एक गोष्ट मात्र निःसंशय सांगतात: धोका अनोळखी अंधाऱ्या गल्लीपेक्षा ओळखीच्या उजेडात जास्त आहे.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत १२,४४७ मुलांची पाहणी केली. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

का नाही सांगितली? इथे निवेदनकर्त्यांना आमचा खरा प्रश्न आहे. ज्या घरात शरीराच्या अवयवांची नावे घेता येत नाहीत, त्या घरातले मूल 'काकाने असे केले' हे कोणत्या शब्दांत सांगणार? शब्दच दिलेले नाहीत. आपण ज्याला संस्कार म्हणतो, ते कित्येकदा तोंड दाबून बुक्क्यांचा मार असते.

"आपल्या संस्कृतीत हे नव्हते" असे वाक्य निवेदनात आहे. वाचकहो, आपण खजुराहोच्या राज्यात राहतो! सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ज्या माहाराष्ट्री प्राकृतात आहे, ती आपल्या मराठीची आजी. शृंगाराचे त्यात वावडे नाही. पेशवाईत लावणी होती, आणि ती ऐकणाऱ्यांत मोठमोठ्या घरचे लोक होते. आपल्याकडे शृंगार नव्हता हे खरे नाही. मोकळीक पुरुषाला आणि मौन बाईला अशी वाटणी होती, हे खरे आहे. दिवाणखान्यात लावणी आणि माजघरात आठव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, हे दोन्ही एकाच वाड्यात नांदत होते.

हे मौन तोडू पाहणारा माणूसही मराठीच होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी पदरमोड करून चालवले. कामजीवनाविषयी शास्त्रीय भाषेत लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दंड झालाच. नोकरी तर आधीच गेली होती. महर्षी कर्वे आपल्याला वंद्य, त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र आपण हळू आवाजात घेतो. शिकवणाऱ्याला आपण अश्लील ठरवले, आणि आता शिकवायला कोणी नाही म्हणून अश्लीलच शिकवू लागले आहे.

हा निव्वळ इतिहास नाही. २००७ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने तयार केलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ घातला होता. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी तो रोखला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको असा अहवाल दिला. म्हणजे एक दार बंद केले. नंतर २०१६ पासून इंटरनेट जवळजवळ फुकट झाले आणि दुसरे दार सताड उघडले. सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातात फोन आहे आणि डोक्यात प्रश्न आहेत. उत्तर द्यायला बाप नाही, आई नाही, शाळा नाही. मग जे शिकवते ते पोर्न. आणि ते काय शिकवते? बाईला वेदना झाली तरी ती खूश असते. विचारायची गरज नसते. 'नाही' हा शब्द अस्तित्वातच नाही. आमच्या मते पोर्नचा खरा अपाय हा आहे. ते सभ्य माणसाचा एका रात्रीत राक्षस करत नाही. अजाण मुलाचे एकमेव पाठ्यपुस्तक होऊन बसते. ते पाठ्यपुस्तक जाळून भागणार नाही. दुसरे चांगले पुस्तक हातात द्यावे लागेल. २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करण्यावर भर दिला आहे.

आणखी एक बाजू आहे, जी निवेदनात आलेलीच नाही. काही चित्रफिती अत्याचाराचे कारण नसून स्वतःच अत्याचार असतात. १९९४ मध्ये जळगावात उघडकीस आलेल्या प्रकरणात छायाचित्रांचा धाक दाखवून मुलींचे शोषण झाले होते. तक्रारीला पुढे आलेल्या मुली मात्र फार थोड्या होत्या. तामिळनाडूत पोळ्ळाचीला २०१९ मध्ये तेच उघड झाले. २०२४ मध्ये कर्नाटकात हासनला एका लोकप्रतिनिधीच्या चित्रफिती गावभर वाटल्या गेल्या आणि त्यांत दिसणाऱ्या बायकांवर घर सोडून जाण्याची पाळी आली. कॅमेऱ्याला एवढी ताकद कोण देते? आपणच देतो. 'फोटो दाखवीन' ही धमकी चालते, कारण बाईची अब्रू तिच्या शरीरात आहे आणि ती एकदा गेली की गेली, असे आपण मानतो. मुलीला घरी येऊन 'बाबा, असा असा प्रकार झाला' असे सांगता येत असेल, तर धमकी देणाऱ्याच्या हातात उरतो एक गुन्ह्याचा पुरावा, तोही स्वतःविरुद्धचा.

'मग फाशी द्या, गोळ्या घाला' असेही मंडळात ऐकू येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि ६ डिसेंबरला चारही संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की, पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार केला होता. ज्यांचा गुन्हा कोणी तपासून सिद्ध केला नाही त्यांना मारल्याने तिला न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही. आपल्याच शहरात एप्रिल २०१८ मध्ये राजवाड्याजवळून काही महिन्यांच्या बाळाला उचलून नेऊन मारल्याची घटना घडली. आरोपी नातेवाईकच होता. जेमतेम तीन आठवड्यांत फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण घाईत आरोपीला बचावाची धड संधीच दिली नव्हती. खटला नव्याने चालवावा लागला. आपल्या घाईची किंमत त्या बाळाच्या आईवडिलांनी मोजली. शिवाय आरोपी मामा किंवा आजोबा असेल, तर फाशीच्या भीतीने घरचेच मुलीचे तोंड बंद करतात, हा धोका निराळाच.

काही वाचक म्हणतील, "हे सगळे इतरांकडे. आपल्या समाजात असे नाही." दोन-अडीचशे वर्षांपूर्वी होळकर-शिंदे-गायकवाडांबरोबर आलेली आपली घराणी. परमुलुखात टिकायचे तर एकमेकांना धरून राहावे लागले, आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा आपला कुळधर्म झाला. त्याने आपल्याला सांभाळले हे खरे. पण त्याच झाकल्या मुठीत काय काय दडपले गेले, हे आपल्या आत्या-मावश्यांना एकांतात विचारा. मुलीने तक्रार केली की दोन्ही घरची वडील मंडळी बसतात, मुलाची बदली किंवा लग्न होते, मुलीला नागपूर-पुण्याला पाठवले जाते, आणि पुढच्या गणपतीत तोच मुलगा आरतीचे तबक फिरवतो. असे प्रसंग आपल्याकडे 'समजुतीने' मिटवले गेले आहेत. त्यात मुलीची समजूत कोणी घातली, हे विचारायचे राहून गेले.

नवऱ्याच्या बाबतीत तर कायद्यानेच मूठ झाकून ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. फुलमणीच्या वेळची सवलत वयाची अट वाढवून अजून शिल्लक आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांनीच काही कारणांसाठी नवऱ्याने मारणे योग्य मानले. हैदराबादच्या मराठी मंडळींनी हे आमच्या इथले नव्हे म्हणून सोडून देऊ नये. ज्या समाजात बाईलाच मार रास्त वाटतो, तिथे मुलगा 'नाही'चा अर्थ कुठे शिकणार?

म्हणून आमची सूचना अशी आहे की, निवेदन फाडू नये, सुधारावे.

शासनाकडे तीन गोष्टी मागाव्यात. लहान मुलांच्या आणि संमतीशिवाय काढलेल्या चित्रफितींवर तत्काळ कारवाई करणारा, प्रशिक्षित पोलीस कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असावा. मध्य प्रदेशाने २००७ मध्ये रोखलेले शरीराचे, स्पर्शाचे आणि संमतीचे शिक्षण वयानुसार शाळांत आणावे. आणि फाशीच्या घोषणांपेक्षा न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि विशेष न्यायालये यांतील रिकाम्या जागा भराव्यात.

उरलेले काम आपले आहे. आपल्या शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालये यांत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती हवी. ती कागदावर आहे की खरोखर आहे, हे पुढच्या वार्षिक सभेत विचारावे. मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा पोक्सोखाली गुन्हा आहे. तेव्हा असे प्रकरण 'आपसात' मिटवायला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपण स्वतःच कायदा मोडतो आहोत हे ध्यानात घ्यावे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आपल्या कार्यालयाच्या फलकावर लावावा. गणेशोत्सवातली एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी डॉक्टर आणि समुपदेशकांना द्यावी आणि त्या दिवशी बापांनी मुलांना घेऊन यावे. आयांनी मुलींना सावध करणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आता बापांची पाळी आहे. आणि सासरी त्रास असलेली मुलगी माहेरी आली, तर 'नांदायला जा' हे पहिले वाक्य असू नये.

यातले काहीही अवघड नाही, खर्चाचेही नाही. फक्त संकोच सोडावा लागेल. बंदीच्या कागदावर सही करायला तो सोडावा लागत नाही, म्हणूनच त्या सह्या इतक्या पटापट झाल्या असाव्यात. निवेदन या दुरुस्त्यांसह पुन्हा फिरवावे. त्यावर पहिली सही आम्ही करू.